सावकाश हरण्याची वही

एव्हारिस्तोने खिशातून घड्याळ काढलं, ते बसड्रायव्हर तिबुर्सियोचे पैसे मोबाइलवरच्या जुगारात किती वेळात बुडतात हे बघायला.

पेरू देशातल्या लिमाच्या एका चौकात तीस वर्षं त्याचा एकच धंदा होता. कोपऱ्यावर वही घेऊन उभं राहायचं, कुठली बस कधी गेली ते टिपायचं आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, "चार मिनिटं पुढे आहे!" मग पुढच्याला गाठायचं की रेंगाळत प्रवासी गोळा करायचे, ते ड्रायव्हर ठरवी, आणि खिडकीतून एक नाणं पडे. त्या दिवशी नाणं पडलंच नाही. लाल सिग्नलला थांबलेला तिबुर्सियो मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

"अरे, चार मिनिटं म्हणतोय मी!"

"थांब काका, फळं फिरतायत. गेले! पाचच्या पाच सोल, सिग्नल सुटायच्या आत!"

दुसरा कुणी त्याला दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता. एव्हारिस्तोच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला.

"एक फेरी किती वेळात होते रे?"

"ते कोण मोजतं?"

"मी मोजतो. फिरव बघू अजून एकदा."

"पैसे तू देणार?"

"नाणं देत नाहीस, वर पैसे मागतोस!"

मागच्या बसेस भोंगे वाजवून बेजार झाल्या, पण उत्तर मिळालं. फळांची एक फेरी, तीन सेकंद.

मग त्याला चैनच पडेना. सिग्नलला ज्याच्या हाती मोबाइल दिसेल त्याच्या खिडकीशी हा घड्याळ घेऊन हजर. पत्त्यांचा डाव माणसागणिक वेगळा निघाला. विचार करणाऱ्याला दीड मिनिट, तिबुर्सियोला दहा सेकंद. सगळ्यात निवांत होतं ते पडद्यावरची खरीखुरी पोरगी फिरवते ते चाक. ती आधी हसायची, नमस्कार करायची, मग गोटी सोडायची. चोपन्न सेकंद! एव्हारिस्तोने हिशेब मांडला. दहा सोल अर्धा-अर्धा सोल करून लावले आणि सगळे बुडाले, तर फळांवर एक मिनिट, पोरीच्या चाकावर अठरा.

"खेळायचंच असेल तर सावकाश खेळा लेको," तो ड्रायव्हरांना सांगू लागला. "किती बुडवायचे ते आधी ठरवा आणि गजर लावा. वाजला की मोबाइल खिशात."

गोष्ट चौकातून बाजारात गेली आणि जाता जाता बाळसं धरून गेली. एव्हारिस्तोकडे कॅसिनोची वही आहे! मासळीवाली एफिहेनिया हातातली सुरी घेऊनच आली.

"मला तेवढा लागणारा खेळ सांगा."

"लागणारा मला नाही ठाऊक, मावशी. हरायला किती वेळ लागतो तेवढं ठाऊक आहे."

"बघा, कसा लपवतोय!" ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली. "रोज खोऱ्यानं ओढत असणार!"

त्याची बायको सोइला तेव्हा घरी त्याचा जांभळा झगा इस्त्री करत होती. ऑक्टोबर लागला होता; रविवारी वस्तीतल्या देवळातल्या ख्रिस्ताची पालखी निघायची. बावीस वर्षं एव्हारिस्तो तिला खांदा देत होता. डाव्या खांद्यावर घट्टा पडला होता, त्याला तो देवाचा हात म्हणायचा. आणि पालखी मंडळाचा नियम कडक होता: जुगाऱ्याला खांदा नाही. झग्याच्या खिशातून त्याने जपून ठेवलेली वही निघाली. एकतीस पानं फळं, पत्ते, चाक! दुसऱ्या कुणी चहाडी करण्याआधी आपणच पाय धरावेत, म्हणून ती पालखीचे मुकादम ल्योनिदास यांच्याकडे धावली.

गुरुवारी देवळामागच्या खोलीत एव्हारिस्तोला बोलावणं आलं. ल्योनिदास वही उघडून बसले होते, सोइला पदराऐवजी शालीचं टोक डोळ्यांना लावून.

"किती हरलास?"

"काहीच नाही, मुकादम. मी कधी खेळलोच नाही."

"एकतीस पानं लिहिलीस आणि खेळला नाहीस?"

"तीस वर्षं बसेस लिहितोय. कधी कुठल्या बसमध्ये चढलोय का?"

सोइलाने डोळ्यांवरची शाल काढली. "हे मात्र खरं आहे हो मुकादम. माझ्या माहेरीसुद्धा चालत नेतो मला!"

ल्योनिदास पानं उलटत राहिले. एका पानावर त्यांचं बोट अडलं.

"चाकाला चोपन्न सेकंद? छे! माझं तर वीस सेकंदात..."

मुकादमांनी जीभ चावली.

"ते बिनपोरीचं चाक, मुकादम," एव्हारिस्तो हळूच म्हणाला. "ते झटपट असतं. बारावं पान बघा."

मुकादमांनी गुपचूप बारावं पान काढलं. वाचता वाचता त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "सुरू केलं की थांबवत नाही रे मला."

"असं कसं? तुम्ही पालखीची घंटा वाजवलीत की आमची वीस माणसं जागच्या जागी थांबतात. मी बावीस वर्षांत 'अजून एक पाऊल' म्हटलंय कधी? तशीच घंटा स्वतःला वाजवा."

"रविवारी ये," मुकादम म्हणाले. "पुढच्या रांगेत. आणि बाई, हे आपल्या तिघांत."

"देवाशप्पथ," सोइला म्हणाली. "पण पोरीचं चाक घ्या हो. निदान कुणी नमस्कार तरी करेल."

रविवारी सगळी वस्ती जांभळी झाली होती. धुपाचे लोट, बायकांची गाणी, आणि वीस खांद्यांवर डुलत निघालेला देव. ल्योनिदास घंटा हाती घेऊन पुढे उलटे चालत होते. पालखी नेमकी एव्हारिस्तोच्या चौकात, भर मधोमध आली आणि घंटा वाजली. वीस माणसांनी सवयीने गुडघे वाकवले. देव चौकात टेकला.

चारी बाजूंनी बसेस खोळंबल्या. एकमेकींच्या मागे धावण्यात जन्म गेलेल्या त्या गाड्या पहिल्यांदाच शेजारी शेजारी, भोंगा न वाजवता उभ्या राहिल्या. तिबुर्सियोने खाली उतरून टोपी काढली. एफिहेनिया रस्त्यातच गुडघ्यांवर बसली. "इथंच थांबायचं होतं देवाला!"

फक्त ल्योनिदास स्वतःच्या हातातल्या घंटेकडे बघत होते. ती मुकी होती. वाजत होता तो झग्यातला मोबाइल. त्यांनी गजरासाठी पालखीच्या घंटेचाच आवाज भरून ठेवला होता, खेळ थांबवायला, रोज संध्याकाळी पाचचा.

"एव्हारिस्तो," ते ओठही न हलवता पुटपुटले, "किती वाजले?"

एव्हारिस्तोने पालखीच्या दांड्याखालून घड्याळ पाहिलं.

"बरोबर पाच, मुकादम. तुमची वेळ संपली."