गंज कशावर चढतो?

आगाशे मास्तर मयतीलाही क्रम तपासायचे. आमचे हेडमास्तर वारले तेव्हा आम्ही सगळे दारात कपाळाला हात लावून बसलेलो, आणि हे धोतर खोचून म्हणतात, "आधी बांबू बांधून घ्या, रडणं मागून. सोपं आधी, अवघड मागून!" हेडमास्तरांच्या मेव्हण्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की आता दोन तिरड्या लागतात की काय, असं मला वाटलं.

माणूस पुण्याचा. एकटा, सडाफटिंग, स्वतः रांधून खाणारा. अमरावतीच्या नॉर्मल स्कुलात, म्हणजे जिथं मास्तरच तयार करतात तिथं, शिक्षणखात्याच्या साहेबाने त्यांना आणलं ते एका छापील कागदापायी. कागदावर वीस प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडे मांडलेले. आमच्या शाळेला जोडून लहान मुलांचा वर्ग होता. त्यात कोणाला घ्यायचं ते या वीस प्रश्नांवर ठरे. सलग तीन चुकले की परीक्षा बंद.

"अहो गावंडे, ज्याला नववी पायरी चढवेना त्याला पंधरावी कशाला दाखवायची? लेकराचा छळ तो!" असं मला सांगायचे. म्हणजे दयेपोटीच थांबत होते बरं का.

वर्ष सरलं की जमिनीवर भला मोठा कागद पसरत. उभी मुलांची नावं, आडवे प्रश्न. बरोबरला टिंब, चुकीला फुली, न विचारलेलं कोरं. सगळी टिंबं एकीकडे येऊन जिन्यासारखी उतरली की मास्तर टाळी वाजवत. एखाद्याचं सोपं चुकून अवघड बरोबर आलं, तर ते "उलटं पोरगं", आणि त्याच्यापायी दोन दिवस जेवण कडू. पण त्यांचा जिना बहुतेक साफच यायचा. येणारच की! चुकणाऱ्याला पुढचं कोणी विचारलंच नव्हतं. हे आज मला कळतं. तेव्हा मीही मान डोलवत होतो.

त्यांच्या दुसऱ्याच वर्षी अकोटहून एक माणूस पोरीला खांद्यावर बसवून आला. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसाचे बोजे उचलणारा. पोरीचं नाव सुभद्रा, वय सात-आठ. दाराशी नावं लिहायला मी होतो. सहा प्रश्न तिने धडाधड सांगितले. मग मास्तरांनी विचारलं, "गंज कशावर चढतो?"

"चुलीवर," पोरगी म्हणाली.

फुली. कोथिंबिरीचा रंग कोणता? पोरगी गप्प. बटाटा झाडाला लागतो की जमिनीत? पोरीने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "झाडाले." तीन फुल्या. परीक्षा बंद.

बापाने हात जोडून विचारलं, "हुशार हाय ना जी पोरगी?"

"मंद आहे," मास्तर म्हणाले. "घरकामात घाला." तो माणूस मुकाट्याने तिला पुन्हा खांद्यावर घेऊन गेला. मी नावापुढे रेघ मारली.

असं आठ वर्षं चाललं. नवव्या वर्षी मास्तरांना हिवताप आला आणि कागद माझ्या हाती. तीन फुल्यांवर थांबायचं मी साफ विसरलो. सगळ्या पोरांना विसाच्या वीस विचारले, उत्तरं कागदावर छापलेली होती तशी ताडून पाहिली. मी अस्सल वऱ्हाडी, पण छापील ते खरं! माझ्या हातूनही चुलीवर चढलेल्या गंजाला फुलीच पडली.

मास्तर बरे होऊन कागद पसरून बसले आणि ओरडले, "गावंडे, जिना फुटला!" सात, आठ, नऊ, सगळीकडे फुल्यांचा पट्टा. आणि पुढे दहापासून पुन्हा टिंबंच टिंबं. "तुम्ही उत्तरं सांगितलीत पोरांना!"

मी बी तापलो. म्हटलं, "मास्तर, माह्या घरी या जेवाले. तिथं काय भांडाचं ते भांडा."

आले. बायको पानं मांडत होती. आत पाहून म्हणाली, "भाऊजी, जरा दमा. गंज चुलीवरच हाय."

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. "काय आहे चुलीवर?"

"गंज जी. भाताचा." तिने पातेलं दाखवलं. "आलूची भाजी झाली, वरून सांबार टाकला का वाढतो." आणि हातातली कोथिंबीर निवडू लागली.

मास्तर त्या पातेल्याकडे बघत राहिले. लोखंडावर चढतो तो पुण्याचा गंज. आमच्याकडे त्याला जंग म्हणतात, कोथिंबिरीला सांबार आणि बटाट्याला आलू. पुण्याच्या पोराला जे सोपं, तेच आमच्या पोराला नेमकं अवघड, आणि ते बरोबर वाटेत, तिन्ही ओळीनं, रचून ठेवलेलं. आठ वर्षं इथं राहून हा माणूस कधी भाजीबाजारात गेला नव्हता, गडी आणून द्यायचा. जेवले नाहीत ते. चपला हातात घेऊन, अनवाणीच घरी गेले.

वर साहेबाला लिहिलं. उत्तर आलं, जुनं उकरू नका. मग दर रविवारी स्वतःच निघाले, नवव्या प्रश्नावर थांबवलेल्या पोरांना दहावा विचारायला! राजापेठेतल्या एका शिंप्याने मशीन न थांबवता सगळी उत्तरं दिली आणि सदऱ्याचं माप घेऊ का म्हणाला. मी सोबत जायचो, वाटेत टोमणेही मारायचो. पण त्यांचं सगळं चित्त सुभद्रेवर. "त्या बापाला सांगायला हवं हो," एवढंच म्हणायचे.

दोन वर्षांनी पत्ता लागला. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे मोटार. अकोटच्या अलीकडे एका वावरात ती कापूस वेचत होती. काखेत पोर.

"सुभद्रे, वळखलं का?" मी विचारलं.

"हे मास्तर वळखले. यायनंच तं मले मठ्ठ म्हटलं होतं." राग नव्हता. असं म्हणाली, जसं स्वतःचं गाव सांगावं.

मास्तरांनी विचारलं, "सावली सगळ्यांत लहान केव्हा असते?"

"सूर्य डोक्शावर आला का. कावून इचारता?"

एकेक करत विसावा आला. "तिघी बहिणी. प्रत्येकीला एक भाऊ. भाऊ किती?"

हात कापसावर चालूच. "एकच. तिघीचा तोच."

मास्तरांनी कागद मिटला. "सगळी बरोबर. तेव्हाही तू बरोबर होतीस, बाई. चूक माझी. तुझे वडील कुठं आहेत? मला त्यांना भेटायचंय."

ती आता थांबली. "बाप मेला जी. तीन वर्सं झाले. मरतानी माह्या भावाले जवळ बोलावलं. म्हणे, पोरगी येडी हाय रे, तिले सांभाळजो." पोर दुसऱ्या काखेत घेतलं. "बापाले आता कोन सांगन?"

मास्तर काळ्या मातीतच मटकन बसले.

मग तीच म्हणाली, "सरले का प्रश्न? अजून इचारा ना."

कागद तर संपला होता. मास्तर मनाचेच विचारू लागले. तुरीच्या शेंगेत दाणे किती, पूर्वेकडून पश्चिमेला तोंड फिरवलं तर उजवा हात कुठं, आज वार कोणता. ती एकेक बोंड खुडत सांगत होती, सगळं बरोबर सांगत होती, आणि आगाशे मास्तर धोतराच्या सोग्याने डोळे पुसत, "शाब्बास. शाब्बास, पोरी," म्हणत होते.