कुर्डूची मशागत

शरच्चंद्र सरांना कुर्डूचं चित्र काढायचं होतं, तेही जिवंत झाड समोर ठेवून. चित्रकलेचे शिक्षक म्हणून त्यांनी आयुष्यभर मुलांकडून फुलदाणीतले प्लास्टिकचे गुलाब काढून घेतले होते. निवृत्तीनंतर सात रस्ता चौकाजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर, मातीच्या ढिगावर, त्यांना खाली पांढरे आणि शेंड्याला गुलाबी असे तुरे दिसले.

"कुर्डू आहे हो," पत्नी मालतीबाई रिक्षातूनच म्हणाल्या. "आमच्या टेंभुर्णीला उपटून कंटाळतात लोक."

सर रंग घेऊन परत गेले, तोवर जेसीबीनं ढीग उचलला होता. कडेच्या वाळक्या तुऱ्यांतून मूठभर काळं, चकचकीत बी तेवढं मिळालं.

पावसाळ्यात त्यांनी थोडं बी घरातल्या सर्वांत चांगल्या कुंडीत पेरलं. शेणखत घातलं, वर हिरवी जाळी बांधली. रोप आलं. सर रोज त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसत. शेवटी मालतीबाईंनी पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं.

"टोमॅटो आहे. खतातून आलाय."

"मग कुर्डू का येत नाही?"

"तुम्ही लाड करताय म्हणून. त्याला उकरलेली जमीन लागते, आणि ऊन."

सरांनी टिकाव घेतला. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत, शेजारच्या बजाबाईंच्या भिंतीलगत, मातीचा एक पट्टा मोकळा होता. दोन-चार घाव बसले, आणि पाण्याचा फवारा थेट बजाबाईंच्या खिडकीपर्यंत उडाला. नेमका पाणी सुटायचा दिवस.

"सर! ह्ये काय केलं तुमी?"

"कुर्डूसाठी खणत होतो."

"कुनासाठी?"

"फूल असतं ते."

"फुलापायी पाइप फोडला व्हय?" बजाबाईंनी हंडा खाली आपटला. गल्ली गोळा झाली. सरांच्या खिशातली बियांची पुडी केव्हा पाण्यात पडून वाहून गेली, ते त्यांनाही कळलं नाही.

महापालिकेची माणसं आली. पाइप पार गंजलेला निघाला, म्हणून सगळी गल्लीच खणली गेली. लोक फळ्यांवरून ये-जा करू लागले. सर टँकरवरून घरोघरी पाणी पोचवत होते. त्यांच्या हातून हंडा सगळे घेत, पण बोलत मात्र मालतीबाईंशी. बजाबाई तर त्यांच्याकडे बघतही नसत.

नवा पाइप पडला, माती लोटली गेली, डांबराचं काम लांबलं. आणि गल्लीभर रोपं उगवली. सरांनी चष्मा पुसून पानं पाहिली, लालसर देठ पाहिले. कुर्डूच! त्यांनी नवा कागद आणला, फळीवर ताणून बसवला. मग मेव्हण्याकडच्या वास्तुशांतीसाठी दोघं टेंभुर्णीला गेली.

परत आली, तर गल्लीत नुसते खुंट उरलेले.

सर अजून दारातच उभे होते, तोच बजाबाई झाकलेलं पातेलं घेऊन आल्या.

"तुमचा कुर्डू कवळा हाय तवर खुडला बगा. लसूण घालून भाजी केलीया. समद्या गल्लीला पुरला की! तुमच्या वाटणीची ठेवली."

पाइप फुटल्यापासून त्या सरांशी पहिल्यांदाच बोलत होत्या. सरांनी पातेल्यात पाहिलं. मग मालतीबाईंकडे पाहिलं. मालतीबाई ताट घ्यायला आत गेल्या.

"कशी झालीया?"

सरांनी घास गिळला. भाजी खरोखरच उत्तम झाली होती, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"छान," ते म्हणाले.

"मग? फुडल्या साली आमच्या परसात बी खणा. पाइप कुटं हाय, त्ये मी दावते."

सरांनी मान डोलावली आणि ताट पुढं करून आणखी थोडी भाजी मागितली.