माप साठचं

टँकरच्या रांगेत कुणी मोबाईलवर गेम खेळताना दिसला की आमचे भानुदास भाऊजी त्याला विचारतात, "सेकंदाला किती?" पाण्याचं नव्हे, चित्रांचं.

दीर आहेत माझे. तीस वर्षं दूध सोसायटीत माप घालायचे. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, डेअरीला कुलूप लागलं, आणि भाऊजींनी सगळं मोजमाप कंप्युटरवर काढलं. त्यावर मोटारींची शर्यत खेळतात. वय साठीपार. लाज नाही.

मी चौथी शिकले, तरी मला समजावूनच सोडलं. "वैनी, कंप्युटरचा डबा सेकंदाला शंभर चित्रं काढतो. पण पडदा साठचा असला तर साठच दावणार. टँकर किती का सोडंना, घागरीचं तोंड केवढं हाय ते बघा."

"आन् दोन चित्रं एकदम आली तर?"

"मंग मधूनच फाटल्यावानी दिसतं. दोघीजणी एकाच नळीखाली घागर सारतात ना, तसं."

हे मात्र मला लगेच कळलं.

सोसायटीचे चेअरमन एकदा पारावरून म्हणाले, "भानुदास, या वयात गाड्या हाकतो का बे?"

भाऊजी थांबलेसुद्धा नाहीत. "तुमच्या सोसायटीवानी मधीच बंद तर पडत न्हाई."

भाऊजींचा लेक दत्ता पुण्याला कंपनीत आहे. फोनवर बापलेकांचं बोलणं "जेवला का"च्या पुढं जात नाही. रविवारी मात्र दोघं आपापल्या जागी बसून एकाच शर्यतीत उतरतात आणि तासभर मनसोक्त भांडतात. दिवाळीला दत्तानं बापाला नवा पडदा पाठवला, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रांचा.

परवा बीडहून दुरुस्तीवाला आला. पडदा बघून हसला. "काका, एवढा भारी पडदा, अन् साठवरच ठेवलाय. वाढवतो. लेकाला धूळ चाराल."

चेअरमन तिथंच चहा पीत बसलेले. "तीस वर्षं माप घातलं, अन् घरचंच माप चुकलं."

भाऊजींनी दुरुस्तीवाल्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे."

दोघं गेल्यावर मी विचारलं, "कावून?"

"दत्तानं नवा मला धाडला, जुना सोताला ठेवला. साठचा हाय तो. त्याला दिसतं तेवढंच मला दिसू दे. एका शर्यतीत दोन मापं न्हाई चालत, वैनी."

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी चेअरमन पुन्हा तेच उगाळायला लागले. मी घागर खाली ठेवली.

"माप बराबर हाय," मी म्हणाले. "तुमी रांगेत उभे ऱ्हावा."