हरायची पाळी

टिल्डन काउंटीच्या मतदार यादीत आठशे बारा नावं आहेत. त्यांतल्या आठशे अकरा नावांपुढे पक्ष म्हणून रिपब्लिकन असं लिहिलंय. उरलेलं एक नाव माझं. लेलँड ब्रँडवोल्ड, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षक, विधुर, डेमोक्रॅट.

आमच्या दक्षिण डाकोटात मतदान केंद्राच्या टेबलावर एकाच पक्षाची माणसं बसवून चालत नाही. दुसऱ्या पक्षाचं निदान एक माणूस हवंच. आमच्याकडे केंद्रही एकच आणि दुसऱ्या पक्षाचा माणूसही एकच. म्हणून चौतीस वर्षं मी निवडणुकीच्या दर नोव्हेंबरात लोकशाहीचा निम्मा भाग म्हणून त्या टेबलावर बसत आलो आहे. काउंटीच्या अत्यावश्यक साधनसामग्रीत बर्फ ढकलायचा ट्रक, अँब्युलन्स आणि मी असा क्रम लागतो. ट्रकची तपासणी वर्षातून दोनदा होते. माझी तीनदा होते, कारण निवडणुकीचं काम बघणारी आणि स्वतःही मतांवर निवडून येणारी काउंटी क्लार्क डार्लीन स्टूर मला स्वतःच्या गाडीत घालून रक्तदाब तपासायला नेते.

एवढी बडदास्त असताना तक्रार कसली, असं कुणीही विचारेल. तक्रार अशी की माझ्याशी कुणी भांडत नाही.

रोज सकाळी आठ वाजता धान्याच्या सहकारी कोठाराच्या ऑफिसात कॉफीला माणसं जमतात. मी तयारी करून जातो. कात्रणं नेतो, एकदा तर तापमानाचा तक्ता जाड पुठ्ठ्यावर चिकटवून नेला होता. तो आता कॉफीच्या मशीनखाली ठेवलाय, ठिबकतं म्हणून.

"या देशात माणसाला आजारी पडायचीसुद्धा भीती वाटते," मी सुरुवात करतो. "आणि ही भीती तुम्ही मतं देऊन निवडून आणलीय."

व्हर्न हूक्स्ट्रा कॉफीत डोनट बुडवतो. तो माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच बाकावर होता. तो म्हणतो, "असेलही बाबा."

"असेलही म्हणजे? तुझं म्हणणं काय?"

"तुझी पन्हळ लोंबतेय रे. रविवारी येतो."

"व्हर्न, मी आजारपणाच्या विम्याबद्दल बोलतोय."

"ऐकलं ना. शिडी आहे का तुझ्याकडे, की माझी आणू?"

आणि तो खरोखरच येतो. ज्याच्या विचारसरणीची मी आठवडाभर सालटी काढलेली असतात, तो रविवारी दुपारी तोंडात खिळे धरून माझ्या छपरावर बसलेला असतो. खालून शिडी धरून वरच्या माणसाला प्रतिगामी म्हणता येत नाही. मी प्रयत्न केलाय.

बाकीचे तर माझे विद्यार्थीच. ते मला मास्तर म्हणतात आणि वर्गात ऐकायचे तसंच ऐकतात, म्हणजे खिडकीबाहेर बघत. हवामानावर मी चाळीस मिनिटं बोललो, की मर्ल ट्वेट उठून म्हणतो, "मास्तर, घरी झुकिनी न्या थोडी." ऑगस्टमध्ये आमच्या गावात गाड्यांना कुलूप लावतात. एरवी कुणी लावत नाही, पण ऑगस्टमध्ये ही काकडीसारखी दिसणारी भाजी परसात इतकी माजते की शेजारी उघड्या गाडीत टाकून जातात. माझ्या गाडीचं कुलूप बिघडलंय. मी मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला या काउंटीने आजवर झुकिनीनेच उत्तर दिलं आहे.

या वर्षी माझा धीर सुटला. मिनियापोलिसहून माझी मुलगी सिग्ने फोनवर म्हणाली, "बाबा, इकडे या राहायला. इथे सगळे तुमच्यासारखेच आहेत." दुसऱ्या दिवशी मी कॉफीवर जाहीर केलं की सप्टेंबरात घर विकून जातोय. चौतीस वर्षांत मला एका माणसालाही काही पटवता आलं नाही, तेव्हा आता बस्स.

कधी नव्हे ते व्हर्नचा डोनट कपात तुटून पडला.

दुपारी डार्लीन दारात हजर. "मास्तर, नोव्हेंबरात निवडणूक आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही नसलात तर टेबल पुरं होत नाही. टेबल पुरं नाही तर मतदान नाही. मतदान नाही तर शेरीफ नाही, आणि मी पण नाही."

"मग कुणालातरी पक्ष बदलायला सांग."

"सांगितलं. मर्ल म्हणाला, त्यापेक्षा मूत्रपिंड देईन." मर्लने एक मूत्रपिंड चुलतभावाला आधीच दिलेलं असल्यामुळे हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. डार्लीन पायरीवर बसली. "मास्तर, एकाला जरी पटलं, तर थांबाल?"

"एकाला. पण खरंखुरं."

"लिहून देता?" तिने पर्समधून फॉर्म काढला. तारीख आधीच घातलेली होती.

त्यानंतर जे घडलं, ते मी अजूनही माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दोन आठवडे मानतो. सोमवारी मी कात्रण उघडलं मात्र, तोच मर्ल म्हणाला, "मास्तर, हवामानाचं तुमचं बरोबर आहे."

माझा कप तसाच हातात राहिला. "कुठला मुद्दा पटला?"

मर्लने तळहातावर नजर टाकली. "सगळेच."

मंगळवारी व्हर्नने विम्यावर शरणागती पत्करली, तीही दहाच्या आत. बुधवारी शेरीफ बंदुकांच्या परवान्यावर हरला, आणि हरल्यावर त्याने टोपी काढून ठेवली. गुरुवारी आर्डिस, म्हणजे व्हर्नची बायको, शाळेतल्या मुलांना सरसकट फुकट जेवण द्यावं यावर माझं तासभर ऐकून घेऊन म्हणाली, "बरं." मी सिग्नेला फोन करून सांगितलं की वारं फिरलंय, आणि ते मी फिरवलंय. आरशासमोर दाढी करताना मी स्वतःकडे जरा आदराने पाहू लागलो.

शिवाय ज्याला पटलं, त्याच्याकडून दुपारी घरी एक डिश यायची. खिमा, बटाटे, वर चीज, भट्टीतून काढलेली गरमागरम. आमच्याकडे जन्म, मृत्यू किंवा आग यांपैकी काहीही झालं की डिश येते. मत मेल्यावरही येत असावी, असा मी अर्थ लावला.

डिश परत करायची असते, म्हणून प्रत्येकीच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकाचं नाव लिहिलेलं असतं. दुसऱ्या शनिवारी मी सगळ्या एकदम धुवायला काढल्या. पहिली उलटी केली. पट्टीवर लिहिलं होतं: "ट्वेट. सोमवार. हवामान. पटणे." दुसरीवर: "हूक्स्ट्रा. मंगळवार. विमा. पटणे (दहाच्या आत, ट्रक यायचाय)." तिसरीवर: "शेरीफ. बुधवार. बंदुका. पटणे, पण फार नाही."

आठ डिश मी ओट्यावर पालथ्या मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सोमवारी जाब विचारायला गेलो, तर डार्लीनच्या टेबलावर एका ठरावाची प्रत पडली होती. ती मी समोरून उलटी वाचली. निम्मं आयुष्य पोरांच्या वह्या उलट्या वाचण्यात गेलेल्या माणसाला ते जड नाही. "काउंटी मंडळ असे ठरवते की, श्री. ब्रँडवोल्ड यांना स्थानिक पातळीवर टिकवून ठेवण्याच्या हेतूने नागरिकांनी आळीपाळीने त्यांचे म्हणणे पटवून घ्यावे. सदर पटणे हे त्या दिवसापुरतेच ग्राह्य धरण्यात येईल व सायंकाळी सहानंतर नागरिकाचे मूळ मत आपोआप पूर्ववत होईल. पटताना नागरिकास मानसिक त्रास झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही. पाळ्या लावण्याचे काम चर्चच्या अंत्यविधी-भोजन समितीकडे सोपवण्यात येत आहे, कारण ठरल्या घरी ठरल्या वेळी पोहोचण्याचा अनुभव काउंटीत फक्त याच समितीला आहे."

समितीने काम चोख केलं होतं. फक्त वर्षानुवर्षांची सवय म्हणून प्रत्येक डिशला पट्टी लावली होती.

"डार्लीन, ही फसवणूक आहे."

"मास्तर, ठरावात कुठेही तो शब्द नाही."

"मी जातोय."

"जा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण रक्तदाब तपासून जा."

घरी येऊन मी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. तासाभरात आर्डिस आली. ती अंत्यविधी-भोजन समितीची अध्यक्ष. चाळीस वर्षांत या गावात कुणी तिच्या यादीबाहेर मेलेलं नाही.

"डिश न्यायला आलीस?" मी विचारलं.

"डिश राहू दे. बस जरा." ती स्वतः खोक्यावर बसली. "मला पटलंय."

"आर्डिस, नाटक संपलंय. मी पट्ट्या वाचल्यात."

"पट्ट्या मीच लिहिल्यात, मला नको सांगूस. माझा विषय होता शाळेतलं जेवण. हरायचं तर नीट हरावं म्हणून तीन दिवस वाचलं. शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. फुकट जेवणाला घरच्यांनी फॉर्म भरावा लागतो, माहीत आहे ना? फॉर्म ऑफिसात बसून कोण वाचतं? पोराची मावशी नाहीतर शेजारीण. म्हणून घरचे भरत नाहीत, आणि पोरगं म्हणतं भूक नाही. अशी चार आहेत, लेलँड. एक माझ्या नातवाशेजारी बसतं. मी आयुष्यभर मेलेल्यांच्या नातेवाइकांना जेवू घातलं, आणि हे मला दिसलं नाही." तिने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं. "आत्ता इकडे येताना डार्लीनकडे जाऊन पक्ष बदलला. तिने मला दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना."

"व्हर्नला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, असेलही बाबा. मग माझ्या गाडीचं ऑइल बदलायला गेला."

माझा ऊर भरून आला. चौतीस वर्षं वाया गेली नव्हती. मी म्हणालो, "म्हणजे माझ्या बोलण्याने शेवटी..."

"तुझ्या बोलण्याने? तुझं बोलणं ऐकून तर मी चौतीस वर्षं अडून बसले होते. त्या गुरुवारीसुद्धा तू तासभर बोललास तेव्हा पुन्हा जुनंच मत बरं वाटायला लागलं होतं. कसंबसं सावरलं."

मी ते गिळलं. काही झालं तरी फॉर्मवर माझी सही होती. एकाला, खरंखुरं. आता मला थांबणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

"ठीक," मी म्हणालो. "मग आता विमा. उद्या मी तुला काही कात्रणं..."

"लेलँड."

"निदान हवामान तरी घे."

"मी एका गोष्टीवर मत बदललंय, आणि तीन रात्री मला झोप नाही. या चौतीस वर्षांत तू कितींवर बदललंस?"

मी तोंड उघडलं. मी म्हणणार होतो की माझं आधीपासून बरोबरच असल्यामुळे तशी गरज पडली नाही. वाक्य तोंडाशी आलं आणि माझं मलाच ऐकू आलं. मी म्हणालो, "तुझ्या दाराची बिजागरी कुरकुरते ना? शनिवारी येतो."

 आर्डिसने एप्रनच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ आणि पेन काढलं, ओट्यावरची रिकामी डिश उलटी केली आणि लिहिलं: "ब्रँडवोल्ड. शुक्रवार. पटणे." विषयाची जागा कोरी सोडली. "शुक्रवारच्या पाळीला कुणी नाही," ती म्हणाली. "विषय तू निवड."

या गोष्टीला आता नऊ शुक्रवार झाले. निवडणूक रीतसर पार पडली. टेबलापाशी दुसऱ्या पक्षाच्या दोन खुर्च्या होत्या आणि डार्लीनने आम्हा दोघांचे फोटो काढून ऑफिसात लावलेत. शाळेतला फॉर्म रद्द झाला. तसा ठराव शाळेच्या सभेत व्हर्नने मांडला, का ते विचारलं तर म्हणाला की घरात शांतता हवी. पण दर शुक्रवारी कोठारात जास्तीच्या खुर्च्या मांडतात. माणसं हातात कॉफी घेऊन अत्यंत सभ्यपणे वाट बघतात. मी उभा राहतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "मला कबूल करायचंय की एका बाबतीत तुमचं बरोबर होतं आणि माझं..." मग पुढे "पण" येतो. तो कुठून येतो ते मला अजून सापडलेलं नाही. शेवटी मर्ल उठतो आणि भोपळा देतो. झुकिनीचा हंगाम संपलाय.

तेव्हा तुमच्याकडून थोडी मदत हवी आहे. इथवर वाचताना तुम्ही कुणाला हसत होता ते मी विचारत नाही. फक्त एक विषय कळवा, ज्यात तुम्ही गेल्या दहा वर्षांत समोरच्याला "तुझं बरोबर, माझं चुकलं" असं म्हणून खरोखर हरला आहात. घरात शांतता राहावी म्हणून हरलेलं धरत नाहीत, आर्डिसने तसा नियम केलाय. घाई नाही, आठवून सांगा. डिश मी धुऊन ठेवलीय, आणि पट्टीवर अजून एका नावाला जागा आहे.