भरोशाची डिस्क

"आपण घेतलेली वस्तू दगा देत नाही म्हणजे नाही!" असं उमाशंकरराव चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचे. चारचौघंही लगेच माना डोलवायचे, कारण नाही डोलवल्या तर स्कूटरची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागे. लातूरच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ. दारात पहिल्या नोकरीतली स्कूटर, मनगटावर लग्नातलं घड्याळ, आणि दोन्ही चालू! याचं सगळं श्रेय ते आपल्या चौकशीला देत. मुलीचं स्थळ बघताना ते मुलाच्या मामाच्या शेजाऱ्यापर्यंत पोचले होते. जावई चांगला निघाला आणि त्या दिवसापासून त्यांना आवरणं घरच्यांच्या हातात राहिलं नाही.

तर अशा या उमाशंकररावांच्या घरचा कम्प्युटर कण्हायला लागला. बटण दाबलं की आधी आतून घरघर, मग बराच वेळ निळा पडदा, मग मर्जी असली तर चालू. त्यात तसं फार काही नव्हतं. निरोप समारंभात उमाशंकररावांना घातलेले हार होते, त्यावर उमाशंकररावांनी ठोकलेलं भाषण होतं आणि रोज सकाळी लोकांनी पाठवलेली सुप्रभातची कमळं होती. पण त्या सगळ्या पसाऱ्यात एक व्हिडिओ होता, नागम्माचा.

नागम्मा म्हणजे शिवकन्याबाईंची आई, उमाशंकररावांची सासू. देगलूरकडची, बोलणं निम्मं कानडी. शेवटची काही वर्षं लेकीकडंच होती. फोटो म्हटलं की पदर डोक्यावर घेऊन दगडासारखी बसायची. एकदा अंगणात शेंगा फोडत असताना जावयानं मोबाइल समोर धरला आणि हा व्हिडिओ आहे हे सांगायचं राहून गेलं. म्हातारी फोटोसाठी बसली. पापणी हलेना! बसली ती बसलीच. शेवटी ओठ न हलवता, दातांतून हळूच विचारते, "झालं का?" आणि जावयाला हसू फुटलेलं बघून स्वतःच अशी खदखदून हसते की मांडीवरचं सूप उलटून शेंगा अंगणभर होतात. व्हिडिओ तिथं संपतो. नागम्मा गेल्यावर शिवकन्याबाई दर सोमवारी पूजा झाली की तो एकदा लावत. बघताना हसत आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत.

"कम्प्युटर जाऊ द्या चुलीत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमचे हारबी जाऊ द्या. माझ्या आईचं हसू तेवढं सांभाळा."

"तू बघच!" उमाशंकरराव म्हणाले. "अशी हार्ड डिस्क आणतो की आपण जाऊ, पण ती जाणार नाही!"

मग सुरू झाली चौकशी. जुन्या हापिसातल्या लोकांना फोन झाले, जावयाला झाले, जावयाच्या मित्राला झाले. लातुरातलं एक दुकान सोडलं नाही. शेवटी कम्प्युटरवाल्या बसवंतच्या दुकानात खुर्ची ओढून बसले, ते दुपारी घरी जेवून आले आणि पुन्हा बसले.

"ही कंपनी मूळची कुठली?"

"बाहेरची हाय, काका."

"याआधी कुणाकुणाला दिली? सगळ्यांकडं नीट नांदते का?"

"डिस्क हाय हो काका, सून न्हाई!" बसवंत हसून म्हणाला. "कोणतीबी घ्या. पण एक काम करा. दुसरी एक कॉपी मोबाइलमधी ठेवा, न्हाईतर लेकीकडं ठेवा. यंत्राचा काय नेम?"

उमाशंकररावांनी चष्मा काढला. "म्हणजे तुझ्या मालावर तुझाच भरोसा नाही?"

"तसं न्हाई, पण..."

"जावई भरोशाचा असला तर वेळेला असू द्यावा म्हणून आपण दुसरा बघून ठेवतो का?"

बसवंतनं हात जोडले आणि सगळे लोक चांगली म्हणत होते ती, तळहाताएवढी, काळी डिस्क त्यांच्या स्वाधीन केली.

घरी आल्याआल्या उमाशंकररावांनी जुन्या कम्प्युटरातलं सगळं उचलून डिस्कमध्ये नेलं. जुन्यात काहीच मागं ठेवलं नाही. मग मोबाइल घेतला.

"मोबाइलमधला राहू द्या की हो!" शिवकन्याबाई म्हणाल्या.

"एक गोष्ट दोन ठिकाणी ठेवली की घोळ होतो. कुठली खरी, कुठली खोटी?" असं म्हणून त्यांनी तिथलाही व्हिडिओ पुसून टाकला. शिवकन्याबाईंना ते काही पटलं नव्हतं, पण आणलेल्या वस्तूंबाबत या माणसाची आजवर खरंच फजिती झालेली नव्हती.

आता प्रश्न ठेवायची कुठं? डिस्कला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, धक्का तर मुळीच चालत नाही. उमाशंकररावांनी घरभर नजर फिरवली आणि ती पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीवर थांबली. आहेराची पेटी! अशी पेटी तुमच्या घरी नसेल तर खुशाल मला खोटं पाडा. लग्नाकार्यात आपल्याला आलेल्या टॉवेल-टोप्या आपण त्यात ठेवतो आणि दुसऱ्याच्या कार्यात काढून देतो. तो पुढं तिसऱ्याला देतो. त्या टॉवेलानं कधी कुणाचं अंग पुसलेलं नाही, त्याला कधी पाणीच लागलेलं नाही! घडी कुणीच मोडत नाही. म्हणूनच उमाशंकररावांनी डिस्क एका हिरव्या काठाच्या टॉवेलाच्या घडीत सरकवली, वर टोपी ठेवली आणि पेटी लावून टाकली. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं तर गुपित कसलं?

त्यानंतर दोनच दिवसांत ते बँकेत गेले असताना उमरीहून दयानंद आला. हा शिवकन्याबाईंचा मावसभाऊ. चहा झाला, मावशीच्या आठवणी निघाल्या, निघताना बहिणीनं पेटी उघडली. भावाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? वरचाच टॉवेल हाताला जरा भारी लागला. कापड चांगलं दिसतंय, म्हणाल्या, आणि त्यांनी मायेनं तोच दिला.

इकडं उमाशंकरराव निर्धास्त! पुढच्या आठवड्यात किल्लारीला लग्न होतं, शिवकन्याबाईंचा मामेभाऊ भीमाशंकर याच्या मुलीचं. तिथं पंगतीत शेजारच्या माणसाला हे गृहस्थ तोंडात बुंदी असताना डिस्कवर व्याख्यान देत होते. आणि डिस्क कुठं होती? त्याच मांडवात! दयानंदनं तो टॉवेल उमरीहून घडी न मोडता आणून भीमाशंकरला आहेर केला होता आणि तो ढिगात पडला होता. उमाशंकरराव त्या ढिगाशेजारूनच हात धुवायला गेले.

दोन सोमवार त्यांनी "अगं, आज लाइट जाईल," "अगं, आज डोळे दुखतात," असं म्हणून आळसात काढले. मग नागम्माची पुण्यतिथी आली. लेक-जावई आले. शिवकन्याबाई म्हणाल्या, "काढा तुमचं गुपित. आईला बघू द्या सगळ्यांना."

उमाशंकररावांनी जादूगारासारखी पेटी ओढली. एक टॉवेल काढला, दुसरा काढला, मग सगळेच झटकले.

"हिरव्या काठाचा कुठाय?"

"तो व्हय? दयानंदाला दिला की."

"दिला? अगं, त्यात डिस्क होती!"

शिवकन्याबाई पेटीकडं बघत म्हणाल्या, "टॉवेलात? डिस्क टॉवेलात ठेवत्यात का माणसं?"

"धक्का बसू नये म्हणून!"

"अन् आता मला बसला तो?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मलाबी तो भारीच लागला हो हाताला. तवाच घडी उघडून बघायला पायजे होती मी."

दिलेल्या आहेराबद्दल विचारायचं म्हणजे जिवावर आलं. उमाशंकररावांनी दयानंदला फोन लावला आणि पाऊसपाण्यापासून सुरुवात केली. मग हळूच म्हणाले, "टॉवेल वापरतोस का रे?"

"आत्ता त्यानंच अंग पुसून राहिलो, दाजी! लई मऊ!"

"घडीत काही निघालं का?"

"घडीत? काय निघणार होतं?"

"तू पुसतोयस ना त्यानं?"

"दाजी, राग नका मानू," दयानंद पडेल आवाजात म्हणाला. "म्या तो तसाच किल्लारीला भीमाशंकरला आहेर केला."

दुसऱ्या दिवशी दोघं किल्लारीला. भीमाशंकरनं दारातच मिठी मारली. "बगा, वेळेवर आलात! लग्नाचं शूटिंग लावलंय!" टीव्हीशेजारी पाटावर काळी डिस्क ठेवलेली, वर हळदीकुंकवाची बोटं. लेकीचं लग्न तिच्यात होतं ना! उमाशंकररावांनी ती पाहिली आणि त्यांच्या जिवात जीव आला. मग तो हळूहळू जायला लागला.

"ही तुला कुणी दिली?"

"शूटिंगवाल्यानं! लई दिलदार माणूस, दाजी. डिस्क तुमची तुम्ही आणा म्हणला व्हता. म्या आणलीच न्हाई, तरी भरून दिली!"

"त्याला आहेर काय केलास?"

"टॉवेल-टोपी. ढिगातलाच एक उचलून दिला. कामून?"

उमाशंकररावांनी सगळं सांगितलं. भीमाशंकरचा चेहरा पडला. नागम्मा त्याची सख्खी आत्या. "आत असंल की अजून," तो म्हणाला. "लग्नाच्या मागं कुठंतरी असंल." मग सगळे जीव मुठीत धरून बघत बसले. हळद लागली, नवरदेव आला, लग्न लावायला जंगम आले, अक्षता पडल्या. प्रत्येक म्हातारी पडद्यावर आली की शिवकन्याबाई पुढं सरकत. मग पंगत आली. कॅमेरा फिरत फिरत एका माणसापाशी थांबला. तोंडात बुंदी, बोट वर. आवाज अगदी स्वच्छ:

"अशी डिस्क घेतलीय की आपण जाऊ, पण आतलं काही जाणार नाही! कॉपीबिपी ठेवायची गरजच नाही! भरोसा ठेवायचा तर एकावरच!"

आसपासची पोरं फिदीफिदी हसली. शिवकन्याबाई हसल्या नाहीत. उमाशंकरराव आपल्या पायांकडं बघत राहिले.

भीमाशंकरनं शूटिंगवाल्याला फोन लावून आवाज मोठा केला.

"हाव, टॉवेलात निघाली," तो म्हणाला. "घामानं भिजलो व्हतो म्हणून घडी मोडली, तर आत डिस्क! मनलं, मालकानं शूटिंगसाठीच दिली. आत जुनं काहीबाही व्हतं. हार, भाषणं. अन् एक म्हातारी व्हती बगा. हलेना, बोलेना. बराच वेळ बघितलं. मनलं, व्हिडिओ अडकलाय, खराब हाय. सगळं पुसलं अन् लग्न भरलं. गच्च बसलं! का, काही बिघडलं का?"

"परत निघंल का ते?"

"न्हाई जी. त्याच्यावरून लग्न गेलं."

शिवकन्याबाई फोनजवळ वाकल्या. "अजून थोडं थांबला असतास, बाबा," त्या म्हणाल्या. "हसली असती रे ती."

शूटिंगवाल्याची काही चूक नव्हती. चूक कुणाची होती ते उमाशंकररावांना पुरतं कळलं होतं आणि छातीवर ठेवायला हात उचलत नव्हता.

भीमाशंकरनं डिस्क काढून पुढं केली. "न्या, दाजी. तुमची हाय."

"आणि तुझ्या लेकीचं लग्न?"

"ते तेवढ्यातच हाय."

"राहू दे तुझ्याकडंच. पण दुसरी कॉपी काढून ठेव," उमाशंकरराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"कशाला, दाजी? भरोशाची हाय म्हणून तुम्हीच तर..." भीमाशंकरनं टीव्हीकडं बोट केलं आणि जीभ चावली.

निघताना रीतीप्रमाणं टॉवेल-टोपी मिळाली. नको नको म्हणत घेतली आणि नको वाटत असतानाही उमाशंकररावांनी घडी चाचपून बघितली. आत काही नव्हतं.

लातूरच्या एसटीत शिवकन्याबाई खिडकीशी बसल्या. पदर डोक्यावर, नजर समोर, हालचाल नाही. उमाशंकरराव बोलायला लागले. खरं म्हणजे डिस्कचा दोष नाही, ती अजून खणखणीत आहे. टॉवेलाची कल्पनाही मुळात वाईट नव्हती, धक्का बसलाच नाही बघ. दयानंदनं घडी मोडली असती तर. भीमाशंकरनं डिस्क आणली असती तर. मग एकदम म्हणाले, "मोबाइलमधला तरी ठेवायला पाहिजे होता गं. तू म्हणाली होतीस. मी पुसला. माझ्या हातानं पुसला."

शिवकन्याबाई तशाच बसल्या होत्या. ओठ न हलवता, दातांतून त्यांनी हळूच विचारलं,

"झालं का?"

उमाशंकररावांनी चमकून बघितलं. आणि शिवकन्याबाईंना हसू फुटलं. तेच खदखदणारं, नागम्माचं हसू! मांडीवरची पिशवी घसरली, टॉवेल-टोपी सीटखाली गेली, पुढची माणसं वळून बघायला लागली. हसता हसता त्या रडायलाच लागल्या. उमाशंकररावांनी धडपडत खिशातून मोबाइल काढला, बटण दाबलं, तोवर हसू संपलं होतं.

"पुन्हा एकदा," ते गयावया करत म्हणाले. "तसंच हस. हे बघ, धरलाय मी."

शिवकन्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आपल्या घरात दुसरी कॉपी ठेवत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मोबाइल मात्र चालूच राहिला. औसा येईपर्यंत त्यात समोरच्या सीटची पाठ निघत होती. त्या व्हिडिओत दिसत काहीच नाही. सुरुवातीला उमाशंकररावांची गयावया, मग शिवकन्याबाईंचं ते कॉपीचं वाक्य आणि पुढं मधूनमधून नाक ओढल्याचा आवाज. उमाशंकररावांनी तो तीन ठिकाणी ठेवलाय.