बाबागाडीतला मासा

न्हाणीघरातून 'थप्प' असा आवाज आला. तान्हा लुका नुकताच झोपला होता, सासरे सिदोर बाकावर घोरत होते आणि घर तेवढ्यापुरतं शांत होतं. अनफिसा हातातला लंगोट घेऊनच आत गेली.

टबमध्ये हातभर लांबीचा स्टर्जन मासा होता. पाठीवर हाडांची रांग, टोकदार नाक, नाकाखाली चार मिशा. शेजारी पिवळं रबरी बदक तरंगत होतं आणि टबाच्या कडेवर पाच वर्षांची ताइसा बसली होती.

"आजोबांनी आणलाय. तासभरच. मला दाखवायला."

अनफिसाने सासऱ्यांना हलवलं. "मामंजी, हे काय?"

"जाळ्यात आला. पोरगी रोज विचारायची, तुमच्या गोष्टीतला मासा कसा असतो. सोडणारच होतो गं, जरा डोळा लागला."

"स्टर्जन सापडला की तिथल्या तिथे सोडायचा, मेलेला असला तरी. तुमचाच मुलगा गावभर हे सांगत हिंडतो."

"त्याचा कायदा परवाचा. मी सत्तरचा आहे."

तेवढ्यात तिला माशाच्या पाठीतली बारीक तार दिसली. तिचा नवरा आर्तिओम नदीरक्षक होता, पण नोकरी कच्ची. माग काढण्यासाठी अशी तार लावलेला एक मासा सकाळी नदीतून गायब झाला होता. मासा शोध आणि नेणाऱ्यालाही, असं साहेबांनी बजावलं होतं. नोकरी पक्की करायची की नाही, हे उद्या ठरणार होतं.

नदी चार गल्ल्या दूर होती. तिने लुकाला आजोबांच्या खांद्यावर दिलं, मासा ओल्या दुपट्यात गुंडाळला, बाबागाडीत निजवला आणि वरून मच्छरदाणी ओढली. ताइसा गाडीला धरून सोबत निघाली.

पहिल्याच वळणावर शेजारची मात्रोना आडवी आली. गावात कुणी बाळ न बघता पुढे जात नाही. तिने मच्छरदाणीवर वाकून, दृष्ट नको म्हणून, तीनदा थुंकल्यासारखं केलं.

"थू, थू, थू. पाय बघ कसे झाडतोय. नाक मात्र सिदोरवर गेलंय."

"झोपू दे त्याला, मावशी."

एवढ्यात मागून सिदोर धापा टाकत आले. खांद्यावर लुका भोकाड पसरून रडत होता. "अगं, हा भुकेलाय."

मात्रोनाने लुकाकडे पाहिलं. मग बाबागाडीकडे पाहिलं. गाडीखाली पाणी ठिबकत होतं.

समोरच्या कोपऱ्यावरून टिकटिक ऐकू आली. आर्तिओम गळ्यात माशाचा माग घेणारी पेटी अडकवून, फाट्याफाट्यांची अँटेना धरून येत होता आणि जवळ येईल तशी पेटीची टिकटिक वाढत होती.

मात्रोना डोक्यावरचा रुमाल सावरून थेट त्याच्यासमोर उभी राहिली. "आर्तिओम, माझी कोंबडी हरवलीय. त्या पेटीत दिसते का बघ."

"फक्त मासा दिसतो, मावशी." त्याने अँटेना चर्चच्या घुमटाकडे वळवली. "तोही नीट नाही. यंत्र बिघडलंय बहुतेक." मग बायकोला म्हणाला, "फिरायला?"

"हो," अनफिसा म्हणाली आणि तिने मच्छरदाणी आणखी खाली ओढली.

"नदीवर हवा चांगली आहे. उशीर करू नकोस."

तो रेंगाळत, चर्चच्या दिशेने निघून गेला. बावळट, पण देवमाणूस आहे, असं मनात म्हणत तिने गाडी जवळजवळ पळवली. गुडघाभर पाण्यात उतरून तिने दुपटं उलगडलं. मासा क्षणभर तिच्या तळव्यावर स्थिर राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून गेला. ताइसाने बराच वेळ हात हलवला.

संध्याकाळी आर्तिओमने जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहिला आणि फोनवरून साहेबांना वाचून दाखवला. सिदोर ताटावरून मान वर करत नव्हते.

"मासा सुखरूप नदीत परतला. मधले दोन तास तो उथळ, स्वच्छ पाण्यात विसावला होता. जवळ एक पिवळं बदक आढळलं. हो साहेब, एकच. नाही साहेब, माणूस कुणी दिसला नाही."

साहेब खूश झाले असावेत, कारण आर्तिओमने फोन ठेवून आणखी एक वाडगा सूप मागितलं. अनफिसा डाव घेऊन उठली.

"आई," ताइसा म्हणाली, "बदक तर टबमध्येच होतं. बाबाला ते कधी दिसलं?"