युसूफ मास्टरचं मधलं माप

कात्री नवरदेवाच्या सुटाच्या कापडात शिरली आणि मी ओरडले, "थांबा!"

खडूची रेघ एकीकडे, कात्री भलतीकडे. युसूफ मास्टरच्या नाकावर नवा चष्मा, कपाळावर घाम.

"सुमनबाई, टेबल कावून तिरपं केलं?"

"टेबल सरळ हाय. तुमीच तिरपे झाले."

कापड पातूरच्या गिऱ्हाइकाचं. लग्न आठवड्यावर आलेलं. तसलं कापड पुन्हा मिळणार नव्हतं.  

अकोल्याच्या जुन्या शहरात मास्टरचं दुकान होतं. पुढे मशीन, मागे घर. मी त्यांच्याकडे काज-बटन करायची. कापूस बुडाल्याची ती वर्षं. नवं कापड कोणी आणत नव्हतं. आणलं तर दोन पोरांत एक पँट. एक काडीसारखा, दुसरा ढोल्या. "दोघांले होईन असं करा." मास्टर दोघांची मापं घेत, बेरीज करून अर्धी करत आणि म्हणत, "मधलं माप. कोनी नाराज नाई." एकाची पँट घसरायची, दुसऱ्याची खाली बसला की उसवायची.

हाच हिशेब सगळीकडे. मला पंखा बंद हवा, त्यांच्या बायकोला, जुबेदाला, चालू. मग पंखा इतका हळू लावायचे की त्यावर बसून माशी फिरायची.

मास्टरना सुई ओवता येईना, तरी दोष धाग्याला. शेवटी डोळे तपासायच्या शिबिरात नवरा-बायको दोघं गेले. मास्टर परत आले ते मेल्यासारखे.

"एकशे ऐंशी नंबर निघाला, बाई. आता किती दिवस दिसन मले? कोनाले सांगू नका. गिऱ्हाईक तुटन."

माझी सून वर्षा त्यांना मोबाईलवर चष्मा मागवून देणार होती. तिनं शिबिरातली चिठ्ठी पाहिली.

"तो नंबर नाही, चाचा. नंबर हा. अधिक दीड. एकशे ऐंशी म्हणजे काच कोणत्या दिशेनं बसवायची ते. कापडाचं उभं-आडवं पाहता ना तुम्ही, तसं."

"मंग डोये जाऊन नाई राहिले?"

"नाही."

"तर लेका कागदावर एवढा मोठा आकडा कायले लिहितेत?"

चष्मा मागवला त्या दिवशी आकडे मास्टरनी स्वतः सांगितले. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतरही टेपनं स्वतःच मोजलं. वर्षाचं अर्धं लक्ष कुकरकडे. मास्टरनी सांगितलं तसं तिनं भरलं.

आणि आता हे असं झालं होतं. मी वर्षाला हाक मारली. तिनं मोबाईलवर मागवलेल्या चष्म्याची नोंद उघडली.

"चाचा, नंबर दोन कसा? आणि एकशे पस्तीस कुठून आणलं?"

 आतून जुबेदा म्हणाली, "मेरा नव्वद है ना, बेटी. नंबर अढाई. इनो बोले, दोनो का मिला के आधा करता हूँ. एकच चष्मे में दोनो देखेंगे."

मी डोक्याला हात लावला. "डोये हायेत का पँट?"

"तिले विचारलं असतं तर नको म्हनली असती," मास्टर म्हणाले. मग हळू आवाजात, "तिले तांदयातले खडे दिसत नाईत. लई दिवस झाले."

"तुमी बोलले नाई कधी?"

"खडे गियून घेतो."

दिवसभर मिठावरून, पाण्यावरून बायकोशी भांडणारा हा माणूस.

कात्री शिवणीबाहेर सोडलेल्या दाबाच्या कापडात गेली होती, म्हणून सूट वाचला. मास्टरनी तो चष्मा उतरवला. मी रेघेवर बोट ठेवून पुढे सरकत गेले, ते मागून कापत आले. माझं बोट दोनदा वाचलं. सूट वेळेवर गेला.

वर्षानं दोन चष्मे मागवले, ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवरून. जुबेदानं आपला लावला आणि आधी मास्टरकडे पाहिलं.

"कित्ते बुड्ढे हो गए जी तुम."

मास्टरनी मशीन थांबवली. 

जुबेदा पुढच्या उन्हाळ्यात गेली. मास्टर आहेत. मी आहे. पंखा अजून मधल्याच मापावर.